डायलिसिसवरच्या आजी-आजोबांना व्हायरल ताप आला, तर ताटात काय वाढायचं?

गणपती गावाला गेले की दरवर्षी आमच्या डायलिसिस केंद्रात खोकल्याचा आवाज वाढतो. पुण्यात जुलै ते ऑक्टोबर हा काळच तसा आहे. फ्लू, डेंगी, चिकुनगुनिया एकामागून एक येतात. नातवंडाला दोन दिवस सतावून गेलेला फ्लू आजोबांकडे आला की दोन आठवडे मुक्काम ठोकतो. मी अशाच एका केंद्रात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा लेख रुग्णापेक्षाही त्याच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या माणसासाठी लिहिते आहे, कारण तापाच्या दिवसांत खरी लढाई स्वयंपाकघरातच चालते.

कोथरूडच्या एका आजींचं उदाहरण देते. वय ७३, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सहा दिवस ताप येऊन गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या तेव्हा हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या. सूनबाईंनी मोबाइलमधला एक फोटो दाखवला. फ्रिजवर चिकटवलेल्या पथ्याच्या कागदाचा होता तो. डाळ अर्धी वाटी, दूध नको, अंडं नको, पनीर नको. "ताई, मी यातलं एकही मोडलं नाही," त्या म्हणाल्या. खरंच मोडलं नव्हतं. वर ताप म्हणून लंघन. सहा दिवस चहा, बिस्किटं आणि पातळ पेज. आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने आणलेली तीन शहाळी.

तो कागद डायलिसिस सुरू होण्याआधीचा होता. त्या काळात किडनीवरचा भार कमी करायला प्रथिनं मोजून देतात. डायलिसिस सुरू झाल्यावर गणित उलटं होतं, पण कागद फ्रिजवरून कुणी काढत नाही. पहिलं काम हेच करा: फ्रिजवरच्या कागदावरची तारीख पाहा. डायलिसिसच्या आधीचा असेल तर आज काढून टाका आणि केंद्रातून नवा लिहून घ्या.

ताप आणि प्रतिकारशक्ती: शरीरात काय होतं

किडनी काम करेनाशी झाली की रक्तात साठणारी द्रव्यं पांढऱ्या पेशींना थकवतात. वयाने त्या आधीच मंदावलेल्या असतात. म्हणूनच डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये हृदयविकाराच्या खालोखाल मृत्यूचं मोठं कारण संसर्ग हे आहे. त्यात प्रत्येक हिमोडायलिसिसला, म्हणजे मशीनमधून रक्त शुद्ध करताना, साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं रक्तातून निघून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटात औषधी पाणी सोडून परत काढतात, त्या पाण्याबरोबर रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिनं जातात आणि पोटात संसर्ग झाला तर त्याहून जास्त.

विषाणूशी लढणारी अँटिबॉडी हे स्वतः एक प्रथिनच आहे. ताप आला की शरीराला अशी पुष्कळ प्रथिनं घाईने बनवावी लागतात. ताटातून कच्चा माल आला नाही तर शरीर मांड्यांचे, दंडांचे स्नायू मोडून तो मिळवतं. शिवाय ताप एक अंश सेल्सियसने चढला तरी शरीराचा खर्च दहा टक्क्यांच्या वर वाढतो. तरुण माणूस ही तूट आठवडाभरात भरून काढतो. सत्तरीतल्या माणसाची ती महिनोन् महिने भरत नाही. निरोगी वृद्धांना नुसतं दहा दिवस अंथरुणावर ठेवलं तरी त्यांच्या पायांचे जवळजवळ किलोभर स्नायू जातात.

म्हणून मी प्रत्येक घराला एकच सांगते: ताप असेपर्यंत काय टाळलं यापेक्षा पोटात काय गेलं ते मोजा.

आधी हे पाहा: ताप व्हायरलच आहे ना?

ताटाकडे वळण्याआधी एक थांबा. ज्यांच्या मानेत किंवा छातीत डायलिसिसचा कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली नळी आहे, त्यांना थंडी वाजून ताप आला तर "सगळीकडे व्हायरल चालू आहे" म्हणून घरी बसू नका. कॅथेटरमधून रक्तात जंतू गेलेले असू शकतात, त्यासाठी रक्ताची तपासणी लगेच लागते. पोटाचं डायलिसिस असेल आणि बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं, तरी तसंच. फिस्टुलाची (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीची) जागा लाल, गरम, दुखरी झाली असेल तर तेही त्याच दिवशी दाखवा.

दुसरं, या रुग्णांचं शरीर मुळातच थोडं थंड असतं. थर्मामीटर ९९.५ दाखवत असेल पण माणूस ग्लानीत असेल, बोलण्यात गोंधळत असेल, रोजचा चहाही नको म्हणत असेल, तर तो तापच समजा.

डायलिसिसचा दिवस चुकवायचा नाही. फक्त निघण्याआधी केंद्राला फोन करून ताप-खोकला असल्याचं कळवा, म्हणजे ते वेगळी खुर्ची किंवा वेगळी वेळ देतात. डेंगीचा संशय असेल, प्लेटलेट कमी आल्या असतील, तर टेक्निशियनला सुई टोचण्याआधी सांगा. रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये जे हेपॅरिन घालतात, ते अशा वेळी टाळावं लागतं.

औषधांबद्दल थोडंच, पण ते महत्त्वाचं आहे. तापासाठी पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली गोळी घरच्या डब्यातून काढून देऊ नका. थोडीफार होत असलेली लघवीही त्याने थांबू शकते आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. नागीण झाली तर असायक्लोव्हिरचा नेहमीचा डोस डायलिसिसच्या रुग्णाला फार जास्त होतो. औषध मेंदूपर्यंत साठतं, माणूस बरळायला लागतो आणि घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. फ्लूच्या ओसेल्टामिव्हिरचंही तसंच, ते कमी ताकदीचं आणि डायलिसिस झाल्यावर देतात. कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य "डायलिसिस चालू आहे" हेच असलं पाहिजे.

पहिल्या दिवसापासून एक वही

शंभर पानी साधी वही पुरते. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन. मग ताप, रक्तदाब, मधुमेह असेल तर साखर. फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का ते पाहा. तापात पाणी कमी पडलं आणि रक्तदाब उतरला की फिस्टुला गोठू शकते. थरथर लागेनाशी झाली तर दुपारची वाट न पाहता केंद्र गाठा.

आणि पोटात गेलेला प्रत्येक घास लिहा. "थोडंसं खाल्लं" असं लिहू नका. "अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, पाऊण वाटी वरण" असं लिहा. मी वही पाहते तेव्हा नेहमी हेच दिसतं की घरच्यांना वाटतं त्याच्या निम्मंच पोटात गेलेलं असतं.

किती द्यायचं?

आधार धरायचा तो ड्राय वेटचा, म्हणजे डायलिसिसनंतर अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाचा. बरं असताना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. आजारपणात १.२ च्या खाली येऊ देऊ नका. आयसीयूत असलेल्या रुग्णाला १.३ ते १.५ पर्यंत देतात, पण ते तिथले डॉक्टर ठरवतील. उष्मांक किलोमागे ३० च्या आसपास. म्हणजे ड्राय वेट ५० किलो असेल तर दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं आणि १५०० कॅलरी.

हे आकडे घरच्या भांड्यांत मांडून ठेवा. एका अंड्यात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं, नुसत्या पांढऱ्या भागात साडेतीन. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८. शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५. एक वाटी घट्ट वरणात ६. एका पोळीत ३. शंभर मिली दुधात किंवा तितक्याच दह्यात ३. चहा-बिस्किटांत जवळजवळ काहीच नाही. आजींचे ते सहा दिवस मी वहीत मांडून पाहिले, तर रोजची बेरीज पंधरा ग्रॅमच्या वर जात नव्हती.

कॅलरी कमी पडू देऊ नका, यावर मी जरा अडून बसते. पोटात भात-पोळी-तूप कमी गेलं तर शरीर खाल्लेली प्रथिनंच जळणासारखी वापरतं, आणि अंडी खाऊनही स्नायू जातात. स्नायू मोडले की त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात येतं, आणि ते फार वाढलं की हृदयाची लय बिघडू शकते. उपाशी असलेल्या रुग्णाचं पोटॅशियम एकही केळं न खाता वाढलेलं मी पाहिलं आहे. बद्धकोष्ठानेही ते वाढतं, कारण किडनी बंद पडल्यावर पोटॅशियम बाहेर टाकण्याचं बरंच काम आतडी करतात. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या. ज्या औषधांत मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट आहे, ती स्वतःहून आणू नका.

तापातलं ताट

तीन मोठी जेवणं विसरा. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. ताप उतरल्यानंतरचा तास-दीड तास सोन्यासारखा असतो. अंग हलकं झालेलं असतं, तेव्हा ताट तयारच हवं.

आपल्याकडचं आजारपणाचं जेवण वाईट नाही, फक्त त्यात प्रथिनांची भर घालावी लागते. गुरगुट्या भात, त्यावर साजूक तुपाची धार आणि मेतकूट हे पुण्यातल्या कितीतरी घरांचं तापातलं अन्न. आजींनाही तेच हवं होतं. मी सूनबाईंना म्हटलं, भात तोच ठेवा, पण त्यात मुगाची डाळ घालून शिजवा आणि बाजूला अंड्याचा पांढरा भाग किसून, मिरपूड भुरभुरून द्या. अंडं म्हटल्यावर आजींनी तोंड फिरवलं. मग पनीर कुस्करून, जिऱ्याच्या फोडणीवर दोन मिनिटं परतून भातात कालवलं. चार घास म्हणता म्हणता वाटी संपली.

५० किलोच्या माणसाचा एक दिवस साधारण असा बसतो. सकाळी साडेसातला अर्धा कप चहा आणि घरच्या लोण्याचे दोन टोस्ट. साडेनऊला एक अख्खं अंडं आणि दोन पांढऱ्यांची भुर्जी, शाकाहारी असतील तर ५० ग्रॅम पनीरची. साडेबाराला डाळ घालून मऊ भात, तूप, छोटी वाटी दही, पाणी काढून टाकलेली दुधीची किंवा कोबीची भाजी. साडेतीनला डायलिसिसच्या रुग्णांसाठी मिळणारी प्रोटीन पावडर शंभर-सव्वाशे मिली पाण्यात, जिच्यातून दहा ग्रॅम प्रथिनं मिळतील इतकी. साडेपाचला तुपातला रव्याचा शिरा. रात्री आठला एक पोळी, भाजी आणि ६०-७० ग्रॅम चिकन किंवा मासा, नाहीतर ७५ ग्रॅम पनीर. झोपताना शंभर मिली दूध. मांसाहारी माणसाची बेरीज ६४ च्या आसपास जाते. शाकाहाऱ्याची ५७ पर्यंत, म्हणजे पावडरचा आणखी अर्धा डोस लागतो. व्यायामशाळेत घेतात ती प्रोटीन पावडर मात्र आणू नका, पुष्कळदा तिच्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त असतं.

दूध-पनीरमध्ये फॉस्फरस असतं हे खरं. त्यासाठीच जेवणाबरोबर फॉस्फेट बाइंडरची, म्हणजे अन्नातलं फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवणारी गोळी असते. ती जेवणाच्या मध्येच घ्यायची. काही खाल्लंच नाही तर त्या वेळी तिचा उपयोग नाही. पुढच्या खाण्याबरोबर घ्यावी का, हे केंद्रात विचारून ठेवा.

भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. बटाटा सोलून, बारीक फोडी करून तसाच. पालक, टोमॅटो या दिवसांत राहू द्या. फळ हवंच असेल तर सफरचंद, पेर किंवा अननसाच्या चार-पाच फोडी. मिठाच्या जागी "लो सोडियम" मीठ वापरू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. तोंडाला चव नाही म्हणून लोणचं-पापड सुरू झालं की तहान वाढते आणि पाण्याचा हिशेब बिघडतो. त्याऐवजी लिंबाचे चार थेंब, आलं, जिरेपूड, कोथिंबीर, हिंगाची फोडणी. गरम अन्नाच्या वासाने मळमळत असेल तर दहीभात किंवा थंड शिरा द्या, बऱ्याच जणांना तो जातो.

मधुमेह असेल तर सावध राहा. डायलिसिसच्या रुग्णाच्या अंगात इन्सुलिन जास्त वेळ टिकतं. खाणं निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा साखरेची गोळी तेवढीच राहिली, तर पहाटे साखर एकदम उतरते. ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. साखर ७० च्या खाली आली तर तीन-चार चमचे साखर थोड्या पाण्यातून द्या. फळांचा रस नको, त्यात पोटॅशियम असतं. उलट, स्टेरॉइड सुरू केलं असेल तर साखर चढते आणि स्नायूही लवकर झिजतात, तेव्हा प्रथिनांचा हिशेब आणखी काटेकोर ठेवा.

पाणी: तापात किती सूट?

नेहमीचा हिशेब म्हणजे दिवसभरात होणारी लघवी अधिक ५०० ते ७५० मिली. चहा, वरण, ताक, पेज, औषधाबरोबरचं पाणी, सगळं त्यात धरायचं. मऊ भातातही पुष्कळ पाणी असतं. भरपूर घाम, उलट्या किंवा जुलाब असतील तर थोडी सूट मिळते, पण किती ते सकाळचं वजन सांगतं. वजन ड्राय वेटच्या खाली गेलं आणि उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर पाणी कमी पडतंय. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन भराभर चढत असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल तर जास्त होतंय. दोन्हीत फोन करायचा तो केंद्रालाच.

जुलाब झाले की घरात ओआरएसची पुडी फोडली जाते. एक लिटर ओआरएसमध्ये दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. डॉक्टरांनी मोजून सांगितलं तरच द्या. फोन लागेपर्यंत चिमूटभर मीठ घातलेली भाताची पेज घोट घोट चालेल. प्यायचं पाणी उकळलेलं हवं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे जुलाब करणारे जंतू आढळले होते. डायलिसिसवरच्या माणसाला असल्या जुलाबाचा फटका दुप्पट बसतो.

घसा कोरडा पडत असेल तर मोजलेल्या पाण्यातूनच बर्फाचे छोटे खडे करून एकेक चघळायला द्या. खळखळून चूळ भरून टाकण्यावर कसलंच बंधन नाही.

इम्युनिटीच्या नावाने घरात येणाऱ्या गोष्टी

आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही ही आपली रीत, आणि ती चांगलीच आहे. म्हणून पाहुणा निघण्याआधीच त्याला फोनवर सांगा: शहाळं नको, संत्री-मोसंबी नको, सुकामेवा नको. एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असू शकतं. आजींनी डायलिसिसच्या आदल्या दिवशी दोन प्यायली होती. पाय जड झाल्याचं त्या सांगत होत्या आणि आम्हाला आधी ईसीजी काढावा लागला. अंडी, ताजं पनीर, सफरचंद आणा म्हटलं तर लोक आनंदाने आणतात.

डेंगी म्हटलं की किवी आणि पपईच्या पानांचा रस येतो. किवीत पोटॅशियम भरपूर, आणि डेंगी उतरला की प्लेटलेट आपसूक वाढतात. कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, किडनीच्या रुग्णाला कधीच द्यायचं नाही. त्यातल्या विषारी घटकाने उचकी, गोंधळ, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो.

काढ्याबद्दल लोक माझ्यावर रागावतात, तरी सांगते. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. आणि दिवसातून तीन वेळा कपभर काढा म्हणजे अर्ध्या दिवसाचं पाणी संपलं. स्वयंपाकातली हळद, आलं, तुळशीची दोन पानं चहात, एवढं पुरे.

व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी निरुपद्रवी वाटते, पण किडनी नसताना जास्तीच्या व्हिटॅमिन सीचं ऑक्झलेट होऊन ते हृदयात, सांध्यांत साठतं. दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्या आतच, तेही डायलिसिससाठीच्या गोळीतून. व्हिटॅमिन ए असलेल्या गोळ्या टाळा, ते अंगात साठत जातं. झिंक सरसकट लागत नाही. व्हिटॅमिन डी रक्ततपासणी पाहून डॉक्टर देतील.

खातच नसतील तर

दोन दिवस सलग निम्म्याहून कमी जेवण गेलं की तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. पहिली पायरी पावडर किंवा तयार पेय, दिवसातून दोनदा, जेवणाऐवजी नव्हे तर जेवणांच्या मध्ये. डायलिसिस चालू असतानाही देता येतं. पहिल्या दीड-दोन तासांत अंडं किंवा पनीर सँडविच खाणारे आमच्याकडे बरेच आहेत. ज्यांचा रक्तदाब मशीनवर पडतो, त्यांनी मात्र आधी किंवा नंतर खावं. त्यानेही भागलं नाही तर नाकातून बारीक नळी, किंवा डायलिसिसच्या वेळी शिरेतून पोषण. शिरेतलं पोषण आठवड्यातून तीनदाच मिळतं, म्हणून ते तोंडाच्या जेवणाला जोड म्हणून असतं, त्याची जागा घेत नाही. नळीचं नाव काढलं की घरचे हादरतात. दहा-पंधरा दिवसांसाठी घातलेली नळी काढून माणूस पुन्हा पोळी-भाजीवर आलेला मी अनेकदा पाहिला आहे. उशिरा घातली तर मात्र तेवढी ताकद उरलेली नसते.

पाच-सहा दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर वाढू नका. रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन उतरतं, हृदयाची लय बिघडू शकते. निम्म्या कॅलरींपासून सुरुवात, तीन-चार दिवसांत पूर्ण, आणि डॉक्टरांकडून थायमिन (व्हिटॅमिन बी१).

तडक दवाखाना गाठायचा तो अशा वेळी: ऑक्सिजन ९४ च्या खाली, दम लागणं, जागं करूनही ग्लानी, हातापायांत अचानक अशक्तपणा किंवा नाडी फार मंद, काळी शौच, हिरड्यांतून रक्त.

ताप उतरल्यावरचे सहा आठवडे

घरच्यांचं लक्ष इथेच सुटतं. तीन आठवड्यांनी आजींचा मुलगा रिपोर्ट घेऊन आनंदाने आला. "मॅडम, क्रिएटिनिन नऊवरून साडेसहावर आलं. पोटॅशियम छान, फॉस्फरस छान. किडनी सुधारतेय ना?" त्याला खाली बसवून सांगावं लागलं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. डायलिसिस तेवढंच असताना ते उतरलं, म्हणजे स्नायू उतरले. युरिया आणि फॉस्फरस उतरलं, म्हणजे खाणं उतरलं. हे सगळे "छान" आकडे एकाच वेळी आले की मला काळजी वाटते. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचंही ऐका: ताप असताना ते घसरतंच, कारण यकृत त्या वेळी दुसरी प्रथिनं बनवण्यात गुंतलेलं असतं. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) खाली आल्यावरही अल्ब्युमिन ३.८ च्या खालीच राहिलं, तर खाणं कमी पडतंय का हे शोधा.

त्याहून मोठा धोका ड्राय वेटचा. आजींचं ड्राय वेट फाइलमध्ये ५२ किलो लिहिलेलं होतं आणि डायलिसिसनंतर काटाही ५२ दाखवत होता. सगळं जमलेलं वाटत होतं. पण त्या रात्री दोन उशा घेऊन झोपत होत्या. अंगातलं मांस अडीच किलोने गेलं होतं आणि त्याची जागा पाण्याने घेतली होती. नेफ्रॉलॉजिस्टनी दोन आठवड्यांत हळूहळू पाणी काढत ते ४९.५ वर आणलं, तेव्हा दम थांबला. पुढे खाणं सुधारून मांस भरायला लागल्यावर ते परत वर न्यावं लागलं. म्हणून आजारानंतर दर आठवड्याला विचारा, "ड्राय वेट परत पाहिलं का?" तीन महिन्यांत ५ टक्के वजन जाणं हे कुपोषणाचं लक्षण मानतात.

मांस परत यायला प्रथिनांच्या जोडीला हालचाल लागते. ताप जाऊन दोन दिवस झाले की खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. कुणीतरी शेजारी उभं हवं. पाच वेळा उठायला १२ सेकंदांहून जास्त लागत असतील तर पायांत ताकद कमी आहे. दर आठवड्याला घड्याळ लावून वहीत लिहा. मग सोसायटीच्या पॅसेजमध्ये फेऱ्या. डायलिसिसच्या दिवशी परतल्यावर नको, माणूस गळालेला असतो.

शेवटी लसी. फ्लूची दरवर्षी, पुण्यात पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये. याच शहरात ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला होता. न्यूमोनियाची लस, पन्नाशीपुढे नागिणीची लस, आणि हिपॅटायटिस बीची डायलिसिससाठीची दुप्पट मात्रा: शून्य, एक, दोन आणि सहा महिन्यांना, त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. ती १० च्या खाली आली तर पुन्हा डोस. या रुग्णांत लसीचा परिणाम थोडा कमी होतो, म्हणून स्वयंपाक करणाऱ्यांनी आणि नातवंडांनीही फ्लूची लस घ्यावी. सुई फिस्टुलाच्या हातात टोचायची नाही. तारीख डायलिसिसच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहा, कारण रात्री-बेरात्री कुठल्याही दवाखान्यात जावं लागलं तरी ती फाइल बरोबर असते.